यकृताचा रक्तप्रवाह : सुईपासून डॉप्लरपर्यंत

निरोगी प्रौढाच्या यकृतातून मिनिटाला साधारण दीड लिटर रक्त वाहते. त्यातील सुमारे तीन-चतुर्थांश रक्त आतडी आणि प्लीहा यांच्याकडून पोर्टल शिरेने येते. ही वाट अडली की रक्त अन्ननलिकेतील नाजूक शिरांकडे वळते. त्या फुगतात, फुटतात आणि रुग्णाला रक्ताची उलटी होते.

पाश्चात्त्य ग्रंथांत याचे मुख्य कारण म्हणजे सिऱ्होसिस. भारतातील रुग्णालयांत मात्र यकृताचे कार्य उत्तम असूनही रक्त ओकणारे तरुण आणि लहान मुले येत असत. १९६९ मध्ये नायक आणि रामलिंगस्वामी यांनी अशा यकृतांतील पोर्टल शिरेच्या बारीक शाखा बुजल्याचे वर्णन केले. त्याच वर्षी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या कार्यशाळेत ‘नॉन-सिऱ्होटिक पोर्टल फायब्रोसिस’ हे नाव ठरले. मुलांमध्ये बहुधा यकृताबाहेरची मुख्य शिराच गुठळीने बंद झालेली असे.

यकृत चांगले असल्याने शस्त्रक्रियेला अर्थ होता. प्लीहा काढून तिची शिरा डाव्या मूत्रपिंडाच्या शिरेला जोडायची, म्हणजे रक्ताला दुसरी वाट मिळते. दिल्लीच्या एम्समध्ये या शंटचा मोठा अनुभव जमा झाला. शस्त्रक्रियेपूर्वी शिरांचा नकाशा हवा असे. त्यासाठी १९५१ पासून स्प्लेनोपोर्टोग्राफी उपलब्ध होती : बरगड्यांखालून सुई थेट प्लीहेत घालायची, क्ष-किरणांत दिसणारे औषध सोडायचे आणि भराभर छायाचित्रे घ्यायची. ज्या रुग्णाच्या रक्तातील प्लेटलेट आधीच कमी, त्याच्याच प्लीहेला हे छिद्र. धोका उघड होता.

खरी अडचण पुढे होती. उपचारातच प्लीहा जाई आणि तिच्यासोबत तपासणीची ही वाटही. जोडलेला शंट चालू आहे की बंद पडला, हे पाहण्यासाठी मग मांडीच्या धमनीतून नळी घालणे किंवा पुन्हा रक्तस्राव होतो का याची वाट पाहणे, एवढेच उरे. लहान मुलाच्या आईवडिलांसाठी ही वाट पाहणे काय असेल, ते निराळे सांगायला नको.

डॉप्लर सोनोग्राफीने हा पेच सोडवला. ज्या परिणामावर ती उभी आहे, तो ख्रिस्तियान डॉप्लर यांनी १८४२ मध्ये प्राग येथे ताऱ्यांच्या रंगासंबंधी मांडला होता. वाहत्या रक्तपेशींवरून परतणाऱ्या ध्वनीची वारंवारिता बदलते. त्यावरून रक्ताची दिशा आणि वेग कळतो, तोही सुईविना आणि हवा तितक्या वेळा. (गर्भलिंग ओळखू शकणाऱ्या प्रत्येक सोनोग्राफी यंत्राची नोंदणी कायद्याने आवश्यक असल्याने यकृत पाहणारे यंत्रही त्यातून सुटत नाही.) मिनिटाला किती मिलिलिटर, हा आकडा मात्र जपून वाचावा लागतो. वेगाला शिरेच्या छेदाच्या क्षेत्रफळाने गुणावे लागते, त्यामुळे व्यास मोजताना १० टक्के अधिक धरला तरी प्रवाह २१ टक्क्यांनी फुगतो. म्हणूनच जाणकार दिशेवर आणि वेगावर अधिक भिस्त ठेवतात.

१९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानंतर, १९९८ मध्ये दिल्लीत भारतातील पहिले यशस्वी यकृत प्रत्यारोपण झाले आणि या मोजणीला नवे काम मिळाले. नव्या यकृताच्या पित्तनलिका केवळ धमनीच्या रक्तावर जगतात. तीत गुठळी झाली तर यकृतच गमावण्याची वेळ येते. म्हणून पहिल्या काही दिवसांत डॉप्लर वारंवार केला जातो. जिवंत दात्याच्या अर्ध्या यकृताबाबत प्रश्न उलटाही असतो. सगळे पोर्टल रक्त त्या लहान तुकड्यावर कोसळले तर तो सुजतो. तेव्हा शल्यविशारद प्लीहेची धमनी बांधतात, येणारे रक्त कमी करतात आणि पोट मिटण्यापूर्वी प्रवाह पुन्हा मोजतात.