चिरा, आराखडा आणि भागोजीशेठ : संशोधनाचा प्रश्न नेमका कसा करायचा?

मागच्या वेळी लिहिलं होतं की विषय आणि प्रश्न या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बऱ्याच जणांनी विचारलं, "म्हणजे नेमकं काय?" आज माझंच उदाहरण देतो.

माझा विषय वास्तुकलेच्या शिक्षणाचा इतिहास. पहिल्या मसुद्यात मी मोठ्या ऐटीत लिहिलं होतं : 'पूर्वी हाताने काम करत शिकण्याची परंपरा होती, इंग्रजी राजवटीत ती तुटली, ती परत आणली पाहिजे.' गाईडने एकच प्रश्न विचारला, "कोणाची परंपरा? शिकून तो माणूस पुढे काय झाला?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग आधी मुंबई बघू. सर ज. जी. कला विद्यालय १८५७ साली सुरू झालं. १८६५ मध्ये लॉकवुड किपलिंग तिथे वास्तुशिल्प शिकवायला आले. पुढे व्हिक्टोरिया टर्मिनसच्या नक्षीकामात जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली या शाळेच्या विद्यार्थ्यांनी काम केलं. म्हणजे खऱ्या इमारतीवर, खऱ्या दगडात शिक्षण! १८९१ मध्ये शाळेला लॉर्ड रे कार्यशाळांची जोड मिळाली. पण वास्तुकलेच्या स्वतंत्र शिक्षणाचं मूळ या कार्यशाळांत नाही, ते १८९६ च्या ड्राफ्ट्समन वर्गात आहे. कचेऱ्यांना आराखडे काढणारे सहायक हवे होते. तेव्हा 'परंपरा तुटली' हे माझं वाक्य अर्धवट होतं. हाताचं शिक्षण शाळेत होतंच, फक्त ते वेगळ्या दालनात गेलं. ही विभागणी नोकरीच्या गरजेतून झाली का, हा झाला प्रश्न!

आता रत्नागिरीला या. १८६७ साली जन्मलेले भागोजीशेठ कीर इथलेच. घरची गरिबी. सुतारकाम शिकले, मुंबई गाठली आणि शापूरजी पालनजींच्या सोबतीने मोठे कंत्राटदार झाले. रत्नागिरीचं पतितपावन मंदिर त्यांनी स्वखर्चाने बांधलं, ते १९३१ मध्ये सर्व जातींच्या लोकांसाठी खुलं झालं. हाताने शिकलेल्या माणसाचं हे शिखर. पण लक्षात घ्या, ते कंत्राटदार झाले, वास्तुविशारद नाही. आणि असे भागोजीशेठ किती? त्यांच्याबरोबर रंधा मारणाऱ्या बाकीच्या पोरांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत. हाताचं काम बहुतेकांना जातीने आणि पोटाने शिकवलं, आवडीने नाही. 'परत आणूया' म्हणताना हेसुद्धा परत आणायचंय का?

म्हणून काही हाताचं ज्ञान कमी ठरत नाही. कोकणातला जांभा घ्या. खाणीतून ताजा निघालेला चिरा मऊ असतो, टिकावाने कापता येतो. हवा लागली की कडक होत जातो. १८०७ साली फ्रान्सिस बुकॅननने मलबारमधल्या अशाच दगडाला 'लॅटराइट' नाव दिलं. लॅटिनमध्ये त्या शब्दाचं मूळ 'वीट' असं आहे, कारण लोक त्याच्या विटा कापत होते. म्हणजे भूशास्त्रातली संज्ञा खाणकामगाराच्या कृतीवरून आली. आंतरविद्याशाखीय म्हणतात ते हेच!

मी एका जुन्या गवंड्याला विचारलं, चांगला चिरा कसा ओळखता? त्यांनी हातोडी मारली आणि म्हणाले, "ऐकलंस?" मला काहीच ऐकू आलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी थोडा फरक कळला. वहीत मात्र तो आजही नीट लिहिता येत नाही.

१९५८ मध्ये वास्तुकलेचं महाविद्यालय कला विद्यालयापासून वेगळं झालं. १९७२ च्या कायद्याने नोंदणी नसलेल्याला 'आर्किटेक्ट' हे बिरुद लावता येईना. वेगळेपणाच्या या पायऱ्या नीट मांडल्या, तरच विद्यार्थ्याला साइटवर पाठवण्याच्या आजच्या चर्चेला अर्थ येतो. नुसतं पाठवून भागणार नाही. तिथे गवंडी शिक्षक असेल का, त्याला मानधन मिळेल का, आणि त्याची मुलगी त्या कॉलेजात बसेल का?

तर तुमच्यासाठी गृहपाठ. तुमच्या मसुद्यातलं 'परंपरा' असलेलं एक वाक्य काढा. त्यापुढे लिहा : कोणाची, कधीची, कोणाच्या फायद्याची? उत्तर देता आलं नाही तर घाबरू नका. प्रश्न तिथेच सापडतो.