एड्रियाटिकची मासळी आणि भक्षक-भक्ष्य संबंधाची संकल्पना

सजीवांचे परस्परांशी व परिसराशी असलेले संबंध अभ्यासणाऱ्या परिस्थितिविज्ञानास ‘इकोलॉजी’ हे नाव जर्मन प्राणिशास्त्रज्ञ एर्न्स्ट हेकेल यांनी १८६६ साली दिले. पुढे साठ वर्षांनी या संबंधांपैकी एकाचे गणित मांडले गेले. त्यामागील प्रेरणा मासळीबाजारातील नोंदींची होती.

इटालियन प्राणिशास्त्रज्ञ उम्बेर्तो दांकोना यांनी एड्रियाटिक समुद्राकाठच्या बाजारांतील नोंदी तपासल्या. फिउमे बंदरात येणाऱ्या मासळीत मुशी, पाकट इत्यादी भक्षक माशांचे प्रमाण १९१४ साली ११.९ टक्के होते. ते १९१८ साली ३६.४ टक्क्यांवर गेले व १९२३ साली १०.७ टक्क्यांवर उतरले. पहिल्या महायुद्धामुळे मधल्या काळात मासेमारी पुष्कळच मंदावली होती. परंतु मासेमारी घटल्याने भक्ष्य व भक्षक दोघांचेही रक्षण झाले असताना भक्षकांचाच वाटा का वाढावा?

हा प्रश्न दांकोना यांनी गणिती व्हितो व्होल्टेरा यांच्यापुढे ठेवला. व्होल्टेरा यांनी १९२६ साली दोन्ही वर्गांच्या संख्या अवकल समीकरणांनी जोडून दाखविल्या. भक्ष्य वाढले की भक्षक वाढतात. त्यामुळे भक्ष्य घटते आणि मग अन्नाअभावी भक्षकही घटतात. दोहोंची मर्यादित व समप्रमाणात पकड होत राहिल्यास भक्ष्याची सरासरी संख्या वाढते व भक्षकाची कमी होते. साहजिकच पकड मंदावताच लाभ होतो तो भक्षकाचा. अशीच समीकरणे अमेरिकेत आल्फ्रेड लोटका यांनी स्वतंत्रपणे आधीच मांडली होती.

या सिद्धांताची कसोटी मॉस्को येथे जी. एफ. गाउझे यांनी घेतली. १९३४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगांत एकपेशीय भक्षकाने नळीतील सर्व भक्ष्य फस्त केले व नंतर तो स्वतःही उपासमारीने नष्ट झाला. बाहेरून वेळोवेळी नवे जीव सोडल्यावरच संख्यांची आंदोलने दिसून आली. समीकरणांनी गृहीत धरलेला एकजिनसी परिसर ही त्यांची मर्यादा होय, हे यावरून स्पष्ट झाले.

तथापि मूळ निष्कर्षाचे महत्त्व त्यामुळे उणावत नाही. कीड आणि तिला खाणारा कीटक या दोहोंना मारणारे कीटकनाशक अखेरीस किडीच्याच पथ्यावर पडू शकते, हा त्याचाच व्यावहारिक अर्थ. कोळ्याचे जाळे काय किंवा शेतकऱ्याची फवारणी काय, दोन्ही जीवसंबंधांच्या बाहेर नाहीत; ती त्या संबंधांचाच भाग होत.