राइस दूरध्वनी

जर्मन शिक्षक फिलिप राइस यांनी १८६१ मध्ये फ्रँकफुर्ट येथे दाखविलेले ध्वनिवहनाचे उपकरण. ग्राहकात विणकामाच्या सुईभोवती तारेचे वेटोळे असून ती पोकळ लाकडी पेटीवर बसविलेली असते. प्रवाह बदलला की सुई कंप पावते. प्रेषकातील पडद्यामुळे धातूचा स्पर्शबिंदू हलतो. हा बिंदू विद्युत मंडल केवळ जोडतो-तोडतो, म्हणून त्यातून सूर जाईल, बोलणे नाही, असा आक्षेप घेतला जातो. राइस यांचे स्वतःचे स्पष्टीकरणही त्याच धर्तीचे होते. परंतु आवाज हळू असल्यास स्पर्श तुटत नाही, फक्त त्याचा दाब व रोध बदलतो आणि शब्दही क्षीणपणे पोहोचतात. म्हणून या उपकरणाची पारख निर्मात्याच्या उपपत्तीवरून न करता प्रत्यक्ष रचनेवरून करणे न्याय्य ठरते. दूरध्वनीचे संशोधक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांच्या मार्च १८७६ मधील द्रव-प्रेषकात आम्लमिश्रित पाण्यात बुडवलेली तार हाच बदलता रोध हेतुपूर्वक साधते. राइस यांना या बदलत्या रोधाची जाणीव नव्हती.