गुपित कुणासाठी?

पंढरपूरला जाणारे बहुतेक जण विठोबाचं दर्शन घेऊन परततात. आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या याच गावात १८७५ मध्ये प्रार्थना समाजाच्या मंडळींनी बालहत्या-प्रतिबंधक गृह काढलं. पुढाकार तिथले न्यायाधीश लालशंकर उमियाशंकर यांचा. अडलेल्या विधवेनं यावं, बोभाटा न होता बाळंत व्हावं, एवढीच त्यामागची कल्पना. तिथे गुपित राखल्यानं आई आणि मूल, दोघांचे जीव वाचत.

हे आठवायचं कारण माझी पुतणी. ती सोलापुरात समाजकार्याचं शिकते आणि पाहणीसाठी विडी कामगारांच्या वस्तीत जाते. परवा म्हणाली, "काका, फॉर्मवर छापलंय, 'माहिती गुप्त ठेवली जाईल'. पण एखाद्या मुलीनं घरातल्याच कुणाबद्दल काही सांगितलं तर?"

प्रश्न खरा आहे. २००७ मध्ये केंद्र सरकारनं बालअत्याचारांवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. महाराष्ट्रासह १३ राज्यं, १२,४४७ मुलं. निम्म्याहून जास्त मुलांनी कुठल्या ना कुठल्या लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितलं, आणि त्यातल्या बहुतेकांनी ते आधी कुणालाच सांगितलं नव्हतं. म्हणजे कित्येकांसाठी वही-पेन घेऊन आलेला अनोळखी माणूसच पहिला! त्यानं उत्तरावर खूण करून पुढचा प्रश्न विचारायचा?

१४ नोव्हेंबर २०१२ पासून 'पॉक्सो' कायदा लागू झाला. १८ वर्षांखालच्या मुलावरच्या लैंगिक गुन्ह्याची माहिती असेल तर पोलिसांना कळवणं कुणालाही बंधनकारक; संशोधकाला त्यातून सूट नाही. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही.

पण प्रश्न एवढ्यानं सुटत नाही. पोलीस येणार म्हटल्यावर मुलगी गप्प बसेल. सोळाव्या वर्षी लग्न झालेली तर नवरा तुरुंगात जाईल म्हणून नक्कीच बसेल. आणि कळवल्यावर त्याच घरात तिला रात्र काढायची असेल तर?

मला वाटतं, पंढरपूरचं गुपित दुबळ्याच्या बाजूचं होतं. इथं तेच गुपित अत्याचार करणाऱ्याला पांघरूण घालतं. म्हणून पुतणीला म्हटलं, पहिल्या प्रश्नाच्या आधीच सांग: "तुझं बोलणं मी कुठं बोलणार नाही, पण तुला कुणी इजा करत असेल तर मला मदत बोलवावी लागेल." १०९८ नंबर, समुपदेशक, बालकल्याण समितीचा पत्ता, सगळं आधी जवळ हवं. मग बोलायचं की नाही, हे त्या मुलीनं समजून-उमजून ठरवावं.

पाळता येणार नाही असं वचन लहान मुलाला देऊ नये. तुम्हाला काय वाटतं?