आपल्या नावाने आधीच मतदान झाले असेल तर? ‘प्रदत्त मता’चा नियम आणि त्याभोवतीचे गैरसमज

मतदान केंद्रावर पोहोचल्यावर आपल्या नावापुढे आधीच खूण झालेली आढळली, तर बहुतेक मतदार चरफडत परत फिरतात. वास्तविक निवडणूक संचालन नियम, १९६१ मधील नियम ४९-पी अशाच प्रसंगासाठी आहे. तो अर्धवट माहितीनिशी समाजमाध्यमांवर फिरत असल्याने त्याचे नेमके स्वरूप समजून घेणे आवश्यक ठरते.

अशा मतदाराने मतदान केंद्राध्यक्षांकडे दाद मागावयाची असते. केंद्राध्यक्ष ओळखीसंबंधी प्रश्न विचारतात. उत्तरे समाधानकारक असतील, तर मतदाराला ‘प्रदत्त मतपत्रिका’ दिली जाते. येथे मतदानयंत्राचे बटण दाबता येत नाही; मत कागदी मतपत्रिकेवर शिक्का उमटवून द्यावे लागते. तत्पूर्वी नमुना १७-बी या यादीत मतदाराची स्वाक्षरी घेतली जाते. घडी घातलेली मतपत्रिका केंद्राध्यक्ष स्वतंत्र पाकिटात ठेवतात आणि मतदान संपल्यावर ते मोहोरबंद होते.

मतमोजणीच्या दिवशी हे पाकीट उघडले जात नाही, ही बाब मतदार जागृतीच्या साहित्यात फारशी ठळकपणे सांगितली जात नाही. प्रदत्त मत विचारात घेतले जाण्याची शक्यता निर्माण होते ती उच्च न्यायालयात निवडणूक याचिका दाखल झाल्यावर, आणि त्यासाठी निकालापासून ४५ दिवसांची मुदत असते. विजयाचे अंतर हजारोंचे असेल तेव्हा अशा मतांनी निकालात फरक पडत नाही. अंतर अगदी थोडे असेल, तर मात्र तीच मते वादाच्या केंद्रस्थानी येतात. २००८ मध्ये राजस्थानातील नाथद्वारा मतदारसंघात कल्याणसिंह चौहान यांना ६२,२१६, तर सी. पी. जोशी यांना ६२,२१५ मते मिळाली. त्यानंतर प्रदत्त मतांवरून सुरू झालेला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. पक्षकारांनी कैफियतीत न मांडलेल्या बाबीवर न्यायालयाला वादमुद्दा काढता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले.

‘आक्षेपित मत’ ही याहून वेगळी तरतूद आहे. मतदाराच्या ओळखीविषयी शंका असल्यास उमेदवाराचा मतदान प्रतिनिधी दोन रुपये अनामत भरून आक्षेप घेऊ शकतो. चौकशीत आक्षेप सिद्ध न झाल्यास त्या व्यक्तीला मतदान करू दिले जाते. तो सिद्ध झाल्यास तोतयाला पोलिसांच्या स्वाधीन केले जाते. दोन रुपयांची ही रक्कम आज हास्यास्पद वाटेल, परंतु नियमात ती कायम आहे.

नेमकी येथेच गफलत होते. ‘यादीत नाव नसले तरी आधार कार्ड दाखवा आणि कलम ४९-ए अन्वये चॅलेंज व्होट मागा’, असा संदेश निवडणुकांच्या काळात हमखास फिरतो. नियम ४९-ए प्रत्यक्षात मतदानयंत्राच्या रचनेविषयी आहे! लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम ६२ नुसार ज्याचे नाव यादीत नाही, त्याला मतदानाचा हक्क नाही. ओळखपत्र कोणतेही असो. त्याच संदेशातील, प्रदत्त मते १४ टक्क्यांहून अधिक झाल्यास फेरमतदान होते, हा दावाही निराधार आहे.

नियम ४९-पी सर्वसामान्यांच्या तोंडी आणण्याचे श्रेय काही अंशी २०१८ च्या ‘सरकार’ या तमिळ चित्रपटाला द्यावे लागेल. नायकाचे मत दुसराच कुणी देऊन जातो, या घटनेवर त्याचे कथानक उभे आहे.

दुसऱ्याच्या नावाने मतदान करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १७४ अन्वये शिक्षापात्र गुन्हा असून, त्यासाठी एक वर्षापर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. यादीत नाव नसल्यास मात्र उपाय मतदानापूर्वीच करावा लागतो : नमुना ६ भरून नाव नोंदवणे. उमेदवारी अर्ज भरण्याची अखेरची तारीख उलटल्यावर त्या निवडणुकीसाठी यादीत नवे नाव घेतले जात नाही.