लहान विमानाचे अवतरण : वारा आणि रहदारी

बदलता वारा आणि आसपासची विमाने पाहून उतरण्याची दिशा, वेग व क्रम बदलत नेणे हा लहान विमानाच्या अवतरणाचा गाभा. उदाहरणार्थ, कराडचा विमानतळ १९५५ मध्ये कोयना धरणाच्या कामासाठी बांधला गेला. त्याच्या धावपट्टीची टोके १० आणि २८, म्हणजे दिशा साधारण १०० व २८० अंश. पावसाळ्यातल्या पश्चिमेच्या वाऱ्यात २८ सोयीची. वारा पूर्वेचा झाला की १०.

वाऱ्याला तोंड देऊनच उतरावे, याचे कारण हिशेबात आहे. सेसना १७२ या लहान विमानाच्या पुस्तिकेनुसार समोरच्या वाऱ्याच्या दर ९ नॉटमागे उतरण्याचे अंतर १० टक्के घटते. पाठीमागच्या वाऱ्याच्या दर २ नॉटमागेच ते १० टक्के वाढते. म्हणून वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या विंडसॉककडे शेवटपर्यंत लक्ष हवे. वारा आडवा असेल तर नाक थोडे वाऱ्याकडे ठेवून यायचे आणि टेकण्याआधी वाऱ्याकडचा पंख खाली करून रडरने (शेपटीच्या सुकाणूने) नाक धावपट्टीच्या रेषेत आणायचे. सेसना १७२ ने चाचणीत पेललेला आडवा वारा १५ नॉटचा आहे. वारा १० नॉटचा आणि झोत २० चे असतील, तर फरकाच्या निम्मा, म्हणजे ५ नॉट वेग जास्त ठेवण्याची रीत आहे.

नियंत्रण मनोरा नसेल तिथे प्रत्येक वैमानिक आपण डाउनविंड (धावपट्टीला समांतर, वाऱ्याच्या दिशेने), बेस (धावपट्टीच्या रेषेकडे आडवे) की फायनलवर (धावपट्टीच्या रेषेत उतरताना) आहोत हे रेडिओवर सांगतो. खालच्या विमानाला अग्रक्रम असतो, मात्र त्याने दुसऱ्याच्या पुढे घुसायचे नसते. पुढचे विमान संथ असेल तर वेग कमी करावा किंवा डाउनविंड लांबवावी. फार लांबवली तर इंजिन बंद पडल्यास धावपट्टी गाठता येत नाही.

सर्वांत घातक वळण बेसवरून फायनलचे. बेसवर पाठीमागून वारा असला की विमान धावपट्टीच्या रेषेपलीकडे जाते. मग कमी वेगात वळण आवळले तर विमान स्टॉल होते, म्हणजे पंखांची उचल तुटते, आणि सावरायला उंची उरत नाही. तिथे अवतरण सोडून गो-अराउंडच करावा : पूर्ण शक्ती, फ्लॅप २० अंशांवर, आणि पुन्हा वर. वेळेवर केलेला गो-अराउंड हे चांगल्या वैमानिकाचेच लक्षण आहे.