क्षेमातून उपजलेली जोखीम

माझ्या आजोळी लग्नकार्य निघाले की शेजारच्या गावातील सधन आप्तांकडून नवरीच्या अंगावर घालण्यासाठी एखाद-दुसरा दागिना मागून आणण्याची रीत होती. आणि कार्य पार पडल्यावर तो ज्याचा त्याला पोहोचता करण्याचे काम आजी दुसऱ्या कोणावर न सोपविता स्वतः करीत असे. ठुशी आणि पुतळ्यांची माळ लाल फडक्यात बांधून, ते गाठोडे कमरेला घट्ट खोवून ती बैलगाडीत बसे, आणि गाडीवान वाटेत ओळखीच्या माणसाशी बोलत रेंगाळला तर म्हणे, ‘‘चल बाबा लवकर, जवळ जोखीम आहे.’’ त्या वयात माझी अशी खात्री होती की जोखीम हे त्या लाल गाठोड्याचेच नाव आहे. पुढे शाळेत या शब्दाचा अर्थ ‘धोका’ असा सांगितला गेला तेव्हा आजी चुकीचा शब्द वापरीत असावी असे मला वाटले. आज इतक्या वर्षांनी, शब्दांची कुळे धुंडाळण्याचा छंद जडल्यानंतर, आजीच्या बोलण्यात या शब्दाचा सारा इतिहास जिवंत होता हे उमगते.

‘जोखीम’ ऐकताच मराठी कानाला ‘जोखणे’ म्हणजे वजन करणे हे क्रियापद आठवते, आणि जोखून मापून करावयाचे ते जोखमीचे काम, अशी संगती मन आपोआप लावून टाकते. व्युत्पत्तिशास्त्रज्ञ मात्र या शब्दाचे मूळ संस्कृत ‘योगक्षेम’ या सामासिक शब्दात पाहतात. प्रारंभीच्या ‘य’चा ‘ज’ झाला, मधला ‘ग’ लोपला, ‘क्ष’चा ‘ख’ झाला, आणि प्राकृताच्या जिभेवर घासून गुळगुळीत झालेला हा शब्द मराठीत जोखीम, गुजरातीत जोखम आणि हिंदीत जोखिम म्हणून स्थिरावला. अप्राप्त वस्तूची प्राप्ती म्हणजे योग आणि प्राप्त वस्तूचे रक्षण म्हणजे क्षेम. म्हणजे ज्या शब्दाने आज आपण संकटाची सूचना देतो, तो जन्मतः सुरक्षिततेचा शब्द होता.

अभयाचा शब्द भयाचा कसा झाला, याचे उत्तर व्यापाराच्या वाटेवर सापडते. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात राजाने वाण्याउदम्यांवर कर बसविताना काय काय विचारात घ्यावे हे सांगितले आहे: खरेदीविक्रीचा भाव, मार्गाचे अंतर, अन्नाचा व इतर खर्च, आणि योगक्षेम. माल चोरापासून, रानावनापासून सांभाळून नेण्यास जो खर्च येतो तोच येथे योगक्षेम या शब्दाने अभिप्रेत आहे, असा अर्थ भाष्यपरंपरेत लावला जातो. रक्षणाचा खर्च मोजावयाचा तर आधी भय मोजावे लागते. आणि रोजच्या हिशेबात ज्याचे रक्षण करावयाचे ती वस्तू, रक्षण करण्याचे उत्तरदायित्व आणि रक्षण न झाल्यास होणारी हानी ही तिन्ही एकाच रकान्यात पडतात. म्हणून मराठीत जोखीम म्हणजे धोकाही, जबाबदारीही आणि ठेवीचा मौल्यवान ऐवजही. ‘जोखीमदार’ म्हणजे उत्तरदायी मनुष्य, आणि ‘अंगावर जोखीम असणे’ म्हणजे अंगावर सोनेनाणे असणे.

सावकारी पेढ्यांवर या शब्दाला अधिकृत प्रतिष्ठा लाभली. हुंडीचे प्रकार अनेक: दाखविताच पैसे द्यावयाची ती दर्शनी, ठराविक दिवसांनी द्यावयाची ती मुदती, पत असलेल्या गृहस्थालाच द्यावयाची ती शहाजोग. रकमेत खाडाखोड होऊ नये म्हणून एक हजाराची हुंडी लिहिताना ‘निमे पाचशे, त्याची दुप्पट’ अशा थाटाने तीच रक्कम फिरवून नोंदण्याची पद्धत होती. या सर्वांत विलक्षण ती जोखमी हुंडी. पश्चिम किनाऱ्यावरील व्यापारी गलबतात माल चढवून तो ज्याच्याकडे जावयाचा त्याच्या नावे हुंडी लिही आणि ती विकून पैसा मोकळा करी. परंतु त्या हुंडीचा भरणा माल बंदरी सुखरूप पोहोचला तरच होई. गलबत बुडाले तर हुंडी धारण करणाऱ्याचा पैसाही त्याच्याबरोबर बुडाला. आणि हे भय तो पत्करी म्हणूनच हुंडी खरेदी करताना तो आपली कसर कापून घेई. एकाच कागदावर कर्ज आणि विमा या दोहोंची सांगड घालणारी ही युक्ती पाहिली म्हणजे आपल्या पेढ्यांवरील व्यवहारबुद्धीविषयी मनात आदर दाटून येतो.

खुष्कीच्या मुलखात हीच कल्पना गावगाड्याने आपल्या परीने राबविली होती. पेशवाईच्या अस्तानंतर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ साली जिंकलेल्या मुलखाविषयी जो अहवाल लिहिला, त्यात गावच्या जागल्याच्या कर्तव्याचे वर्णन आहे. चोरी झाली की जागल्याने चोराच्या पावलांचा माग काढीत शिवेपर्यंत जावयाचे. माग पलीकडच्या गावात शिरला की तो तेथील जागल्याच्या हवाली करावयाचा, आणि मागाबरोबर जबाबदारीही शीव ओलांडी. जेथे माग खुंटे तेथील लोकांवर भरपाईचा बोजा येई. याज्ञवल्क्यस्मृतीतही याच आशयाचा नियम आहे, यावरून या रिवाजाचे प्राचीनत्व ध्यानात यावे.

एकट्या जोखमीचेच हे नशीब आहे असे नाही. ‘अरिष्ट’ हा शब्द घ्या. त्याची फोड ‘अ-रिष्ट’, म्हणजे ज्याला इजा झाली नाही ते. संस्कृतात त्याचा एक अर्थ ‘सुरक्षित’ असा, आणि दुसरा अशुभसूचक असा. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात आसन्नमरण रोग्याच्या लक्षणांना अरिष्ट म्हटले आहे, आणि त्याच आयुर्वेदातील दशमूलारिष्ट बाळंतिणीला शक्ती येण्यासाठी दिले जाते. अरबीतून फारसीच्या मार्गे आलेल्या ‘खतरा’ या शब्दाची गोष्टही अशीच हृद्य आहे. ज्या धातूपासून तो झाला त्याच धातूपासून ‘खातिर’, म्हणजे मनात येणारा विचार किंवा मन, हा शब्द झाला. आणि त्यावरून आपल्या दफ्तरांत ‘खातरी’ आणि ‘खातरजमा’ हे विश्वासाचे शब्द रूढ झाले. खतरा आणि खातरी ही एकाच घरची भावंडे आहेत. उलट ‘विमा’ हा निश्चिंतीचा शब्द फारसी ‘बीम’पासून आला असे मानतात, आणि ‘बीम’ म्हणजे भय! क्षेमातून जोखीम उपजली आणि भयातून विमा उपजला. जणू दोन्ही भाषांनी एकाच नाण्याची एकेक बाजू आपल्याकडे ठेवून घेतली.

‘संकट’ मात्र या बिरादरीतले नव्हे. त्याचा मूळ अर्थ अरुंद, चिंचोळी वाट. आणि १६६१ साली उंबरखिंडीत कारतलबखानाची फौज शिवाजी महाराजांनी ज्या सापटीत गाठली, ती पाहिलेल्या मनुष्याला हा अर्थ निराळा समजावून सांगण्याची गरज नाही. संकट बाहेरून येते, ओढवते, कोसळते. त्याला धनी नसतो. जोखमीला मात्र धनी असतो. संकट कोणावर आले असे आपण विचारतो, पण जोखीम कोणाची, कोणाच्या शिरावर, असे विचारल्यावाचून त्या शब्दाचे वाक्य पुरे होत नाही. माझ्या मते या शब्दाचे खरे मोल येथे आहे: त्याने भयाला एकटे हिंडू दिले नाही, भयाच्या गळ्यात नेहमी उत्तरदायित्वाची माळ घातली.

१९५६ साली आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले तेव्हा अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख. मेघदूत मराठीत आणणारे, संस्कृतात रमणारे विद्वान. त्या वर्षी १ सप्टेंबरला स्थापन झालेल्या आयुर्विमा महामंडळाच्या बोधचिन्हावर भगवद्गीतेच्या नवव्या अध्यायातील, भक्ताचा योगक्षेम वाहण्याचे आश्वासन देणारे वचन झळकते. ज्या शब्दाने शतकानुशतके वाटा तुडवून जोखमीचे रूप घेतले, त्याचेच मूळ रूप जोखीम पत्करणाऱ्या संस्थेच्या दारावर येऊन उभे राहिले. आणि आज खेड्यापाड्यांत घरोघर फिरणारी आरोग्यसेविका आपल्या वहीत ‘जोखमीची माता’ अशी नोंद करते, तेव्हा त्या बाईला धोका आहे एवढेच ती लिहीत नाही; ही आता आपल्या हवाली आहे, हेही त्या एका शब्दात येऊन जाते.

आजीची बैलगाडी त्या गावी पोहोचे तेव्हा बहुधा दिवेलागणीची वेळ असे. ओटीवर बसून ती फडक्याची गाठ सोडी, पुतळ्या एकेक करून मोजी, घरधनिणीकडूनही मोजवून घेई, आणि मगच पुढे केलेल्या गूळपाण्याला हात लावी. परतताना गाडी कितीही रेंगाळली तरी ती गाडीवानाला काही म्हणत नसे. जोखीम पोहोचली होती.